फिलफिलची लस आणि माझी शिस्त

२४ मार्च, मंगळवार

इन्साफ तांताला गेली. नश्वाचं बाळंतपण. लेकीचा बाळंतपणाचा चाळिसावा दिवस उरकल्याशिवाय ती काही परत यायची नाही. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून सूचना चालू होत्या. फिलफिलला शनिवारी लस द्यायची. त्याला कच्चं दूध नाही. गल्लीत सोडायचं नाही. मग गाडी हलल्यावर ओरडून, अबू नश्वा (नश्वाचा बाप, म्हणजे मी), मीठ कमी खा आणि ब्लडप्रेशरची गोळी विसरू नका! आधी मांजर, मग नवरा. हा क्रम मी लक्षात ठेवला आहे.

फिलफिल म्हणजे मिरी. दोन महिन्यांचं काळंकुट्ट पिल्लू आहे, म्हणून हे नाव. इन्साफच्या बहिणीने ईदला आणून दिलं. मी विरोध केला होता. मी मांजरवाला माणूस नाही.

पण जबाबदारी घेतली की घेतली. पाणीखात्यात सुपरवायझर होतो. आमच्या निम्म्या शुब्रा वस्तीच्या नळाला पाणी कधी यायचं ते मी ठरवत असे. एका पिल्लाची लस म्हणजे काय मोठं?

२५ मार्च. सकाळी ६

प्लॅन. रोज सहाला उठणे. पिल्लाचं वजन, कान, डोळे, जीभ तपासणे. उकडलेली कोंबडी, बिनमिठाची. शनिवारी दहाच्या ठोक्याला क्लिनिक. इन्साफला रोज रिपोर्ट.

त्याच दिवशी, दुपार

वजन झालं नाही. काट्यावर बसत नाही. डोळे तपासले, दोन आहेत. कोंबडी त्याने खाल्ली आणि माझ्या ताटातलीही. भूक उत्तम.

२८ मार्च, शनिवार

आज लस होती. पण सकाळपासून खमासीनचा वारा सुटला आहे. आकाश मेंदीच्या रंगाचं, दातांखाली वाळू. असल्या धुळीत एवढ्याशा जीवाला बाहेर काढणं म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा. रद्द.

इन्साफचा फोन. झाली का लस? मी म्हणालो, खिडकी उघडून बघ, तांतालाही तीच धूळ असेल. ती म्हणाली, धूळ आहे, पण नश्वा दवाखान्यात जाऊन आली की. मी म्हणालो, नश्वाला फर नाही.

२९ मार्च

वारा पडला. पण वाऱ्यानंतरचा दिवस जास्त वाईट असतो. धूळ खाली बसत असते.

३० मार्च

क्लिनिकची पाहणी करून आलो. नुसती पाहणी. डॉक्टरीणबाई अगदी पोरगेली, नाव लमया. दारातून बघितलं तर एका गलेलठ्ठ बोक्याला इंजेक्शन देत होती. सुई केवढी! बोक्याने हूं की चूं केलं नाही. मला जरा गरम झालं, म्हणून बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो.

सुईला मी घाबरतो असा इन्साफचा एक जुना गैरसमज आहे. लष्करात रक्तदानाच्या वेळी मी रांगेतून बाहेर पडलो होतो, ते मागच्याला लवकर नंबर लागावा म्हणून. माणुसकी दाखवली की लोक नावं ठेवतात.

१ एप्रिल

आज निघालोच होतो. फिलफिलला उशीच्या अभ्र्यात घातला. दुसऱ्या मजल्यापर्यंत अभ्रा माझ्या हातात होता आणि फिलफिल माझ्या पँटवर चढलेला. पोटरीवर चार ओरखडे. परत वर. लिफ्ट ईदपासून बंद आहे. असल्या बिल्डिंगमध्ये मांजर निरोगी कसं राहणार!

मात्र डोकं चालवलं. उद्यासाठी नामी युक्ती सापडली आहे.

२ एप्रिल, गुरुवार

युक्ती अशी. भाजी आणि पाव वर घ्यायला आपली बाल्कनीतली दोरीची टोपली आहेच. माणसाने चार मजले मांजर कशाला वाहायचं? फिलफिलला टोपलीत ठेवायचा, वरून जाळी, सावकाश खाली सोडायचा. खाली दरवान बखीत धरेल. मी जिन्याने आरामात, दोन्ही हात मोकळे. इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच.

चौथा मजला, तिसरा मजला, उत्तम. दुसऱ्या मजल्यावर दोरी एकदम सैल पडली. मी हाक मारली, उत्तर नाही. मग टोपली जड झाली, मी सोडत गेलो. खालून बखीत ओरडला, बेक साहेब, मिळाला! अजून गरम आहे!

खाली जाऊन बघतो तर टोपलीत बसबूसाचं, रव्याच्या पाकातल्या वड्यांचं ताट.

दुसऱ्या मजल्यावर मदाम अफकार राहतात. टोपली त्यांच्या कठड्यापाशी थांबली, त्यात पिल्लू दिसलं. आमच्या बिल्डिंगमध्ये वरून टोपलीत काही आलं की घ्यायचं आणि टोपली रिकामी पाठवायची नाही. बाईंनी रीत पाळली. मी बेल वाजवली तर दार बंद, बाई बाहेर पडलेल्या. फिलफिलसकट.

संध्याकाळी स्वतः वर आणून दिला. म्हणाल्या, उस्ताद वजदी, काय गुणी लेकरू आहे हो, अजिबात रडला नाही. मी म्हणालो, माझं वळण आहे. फिलफिल पेंगुळलेला होता, मानेवर हात लावू देईना. बाईंनी दिवसभर अती लाड केलेले दिसतात. लोकांना पिल्लं सांभाळता येत नाहीत.

बसबूसा चांगला होता. साखरेला मला बंदी नाही, बंदी मिठाला आहे.

त्याच दिवशी, इन्साफचा फोन

झाली का लस, तिने विचारलं. आणि मी म्हणालो, झाली.

हे खोटं नाही. लस होणारच आहे. जे नक्की होणार ते झालंच म्हणायचं, खात्यात आम्ही पाइपलाइनचे रिपोर्ट असेच पाठवायचो. शिवाय ती लेकीच्या टेन्शनमध्ये आहे. इन्साफ नुसतं बरं म्हणाली. एक शब्द जास्त विचारला नाही. माझ्यावर किती विश्वास आहे तिचा!

३ एप्रिल

नश्वाला मुलगा झाला. दोघं सुखरूप. देवाची कृपा. इन्साफने तीन मिनिटं बाळाचं सांगितलं आणि मग विचारलं, फिलफिलने आज काय खाल्लं? मी सविस्तर सांगितलं.

५ एप्रिल

उद्या लस. नक्की.

६ एप्रिल

सोमवारी क्लिनिकला गर्दी असते, असं मला वाटतं.

८ एप्रिल, बुधवार

वाईट बातमी. बेकरीमागे पिल्लांना रोग आला आहे. उलट्या होतात आणि मान टाकतात. बखीतने सकाळी दोन पुरली. म्हणाला, बेक, कालपर्यंत माझ्या चपलेशी खेळत होती हो. मग म्हणाला, तुमच्या पिल्लाला कसलं भय, त्याला लस झाली आहे ना? अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. इन्साफने सगळ्यांना सांगितलेलं दिसतं.

मी म्हणालो, अर्थात.

दुपारी कडक उपाय सुरू केले. चपला जिन्यात. फरशी क्लोरीनने पुसली. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मला वासावरून कळतो, त्यामुळे प्रमाणाची चिंता नाही. फिलफिल कपाटावर जाऊन शिंकत बसला. त्याच्या गळ्यात निळा मणी बांधला. दृष्ट वगैरे मी मानत नाही, पण मणी बांधायला सुई लागत नाही.

९ एप्रिल

क्लिनिकला गेलो. फिलफिलला शर्टाच्या आत घेतला होता, बटणं गळ्यापर्यंत लावून. तो आत शांत घुरघुरत होता. दाराशी उभा राहिलो. आत रांग होती. रांगेत आजारी जनावरं असतात, तिथे बसणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. परत आलो.

असं लिहिलं खरं. आत फक्त एक कासव होतं.

११ एप्रिल, शनिवार

परवा शम्म अन्-नसीम. फिसीख आणला. वर्षातून एकदा वसंताच्या दिवशी मुरवलेला खारा मासा खाल्ला नाही तर शुब्र्यात तोंड दाखवायला जागा राहत नाही. डॉक्टरांनी मला मिठाची बंदी केली आहे हे खरं. पण त्यांनी सणाचं नाव घेऊन बंदी केलेली नाही. इन्साफला हे सांगून तिला त्रास देण्यात अर्थ नाही.

चार वर्तमानपत्रांत गुंडाळून फ्रीजच्या वर ठेवला. तरी वास जिन्यापर्यंत. मदाम अफकार जाता जाता म्हणाल्या, अय्या, उस्ताद, यंदाही? मी म्हणालो, नळ तुंबलाय. पाणीखात्याचा माणूस असून मला हेच सुचलं.

फिलफिल फ्रीजखाली बसून वर बघत आहे. त्याला म्हणालो, तुलाही बंदी, मलाही बंदी. आपण दोघं पेशंट.

१३ एप्रिल, सोमवार. सकाळ

मदाम अफकारकडून रंगवलेली अंडी आली, काल त्यांचा ईस्टर झाला. कांदापात, पाव, फिसीख. बाल्कनीत बसून खाल्लं. इन्साफ नसताना सण कसा कोरडा वाटतो. कुणाशी बोलायचं? फिलफिलशी बोललो. उरलेला मासा फ्रीजवर परत ठेवला. मग जरा आडवा झालो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

नीट क्रमाने लिहितो.

उठलो तर फिलफिल न्हाणीघराच्या दारात पडलेला. उलट्या. एक, मग अजून एक. नुसता फेस. डोळे अर्धे मिटलेले, मान माझ्या हातात टाकली. बखीतने सांगितलं होतं, अगदी तसंच. मला बेकरीमागची जागा दिसली.

मी पायजम्यावरच धावलो. एका पायात माझी चप्पल, एकात इन्साफची. वाटेत माणसं सणाच्या चटया अंथरून बसली होती, कुणीतरी म्हणालं, अंकल, या ना, कांदा घ्या. मी रडत होतो. हे मी इथे लिहितो आहे कारण इथे कुणी वाचणार नाही.

सुट्टी असून क्लिनिक उघडं होतं. मी डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. पोरी, याला लस दिलेली नाही. मी खोटं बोललो. धूळ, गर्दी, लिफ्ट, सगळं खोटं. मला सुईची भीती वाटते, लहानपणापासून वाटते. माझ्या भित्रेपणापायी हा मरतोय. याला वाचव.

तिने फिलफिलचं तोंड हुंगलं. मग माझ्याकडे झुकून मला हुंगलं. म्हणाली, अंकल, दोघांनी एकाच ताटातून खाल्लं की वेगवेगळं?

फिसीख. त्याने माशाचं अख्खं डोकं ओढून खाल्लं होतं. ती म्हणाली, दर शम्म अन्-नसीमला डझनभर मांजरं अशीच येतात, म्हणून तर मी या दिवशी सुट्टी घेत नाही. मीठ जास्त झालंय, वेळेत आणलंत, कातडीखाली सलाइन देते, रात्रीपर्यंत उठून बसेल.

मी म्हणालो, पण रोग? लस?

ती म्हणाली, लस मीच दिली की अंकल. दोन एप्रिलला. मदाम अफकार घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, उस्तादांना जमणार नाही, म्हणून त्यांनी टोपलीतून पाठवला. आम्हाला इतकं कौतुक वाटलं तुमचं. भीती वाटते तर माणूस सरळ दुसऱ्याची मदत मागतो, असं किती जण करतात?

मी काहीतरी बाणेदार उत्तर देणार होतो. तेवढ्यात तिने सलाइनची सुई काढली.

पुढचं मला मदाम अफकारकडून कळलं; मला पायजम्यावर धावताना बघून त्या मागोमाग आल्या होत्या. मी आडवा झालो तो फिलफिलच्या टेबलाखाली. तिथल्या बायकांनी मला साखरेचं पाणी पाजलं आणि माझे पाय मांजराच्या खोक्यावर उंच ठेवले. फिलफिलला सलाइन लागलं तेव्हा तो झोपला होता. माझं ब्लडप्रेशर बघून डॉक्टरीणबाई म्हणाली, याला घरी न्या, पण यांना आधी माणसांच्या डॉक्टरकडे न्या.

१४ एप्रिल, मंगळवार

फिलफिलने सकाळी दही खाल्लं. नाक ओलं, डोळे स्वच्छ. माझ्या पोटावर झोपला आहे, त्यामुळे अक्षर वाकडं येतं.

इन्साफला मीच फोन केला. मर्दासारखं सांगून टाकलं. लस मी दिली नाही, तुला खोटं सांगितलं, फिसीख खाल्ला, मांजर मरता मरता वाचलं. मनात आलं, आता बोलेल, आता बोलेल.

ती म्हणाली, लसीचं मला त्याच दिवशी कळलं. फिसीखचं काल. अफकारला मी जायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, शनिवारपर्यंत यांच्याकडून झालं नाही तर तू ने. तुम्ही तर टोपलीतून तिच्या हातातच दिलंत.

मला संताप आला. म्हणालो, सगळं माहीत होतं तर मला रोज फोन करून लस, लस, पिल्लाने काय खाल्लं, असं कशाला विचारत होतीस? थट्टा करायला?

मागे बाळ रडत होतं. ती म्हणाली, अबू नश्वा, रिटायर झाल्यापासून तुम्ही माझ्याशी धड बोलता का? कसे आहात विचारलं तर म्हणता, ठीक. जेवलात का, तर हो. मांजराचं विचारलं की अर्धा तास बोलता. मग आवाजावरून मला कळतं तुम्ही गोळी घेतलीत की नाही, झोपलात की नाही. पिल्लू काय, अफकारने सांभाळलं असतं. बहिणीला सांगून मी ते तुमच्यासाठीच मागवलं.

मी तिला सांगितलं की हा निव्वळ गैरसमज आहे. मी भरपूर बोलतो.

मग तिने विचारलं, बरं, कसे आहात?

मी म्हणालो, ठीक.

ती वाट बघत होती. शेवटी म्हणालो, फिलफिलने आज दही खाल्लं.