कानात ताईचा आवाज

शुक्रवार, ११ एप्रिल

उद्याची रजा मंजूर. सरांनी विचारलं, "कुणाचं लग्न?" म्हटलं, "रग्बी." ते हसले. मी हसत नाही हे पाहून सही केली.

ताई रेफ्री आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदाच. उद्या साखळी सामने, परवा उपांत्य आणि अंतिम. अंतिम सामन्याची शिट्टी कुणाच्या हातात द्यायची ते उद्याचं काम बघून ठरणार. बारा वर्षं ती याचीच वाट बघतेय. फोनवर म्हणाली, "येतेस तर ये, पण मला टाटा-बिटा करू नकोस." मी कशाला करीन.

शनिवार, १२ एप्रिल

मैदानाच्या दारात कानात घालायचा छोटा रेडिओ भाड्याने मिळतो. रेफ्रीच्या छातीवर माइक असतो. ती खेळाडूंशी जे बोलते ते प्रेक्षकांनाही ऐकू येतं. हे मला फार आवडलं. निर्णय द्यायचा तर सगळ्यांदेखत बोलायचं.

दिवसभर कानात ताईचा आवाज. "सोड त्याला. छान." "सात नंबर, मागे." तिच्याहून वीतभर उंच, दाराएवढे रुंद गडी, आणि ती बोलली की मान खाली. एकाने समोरच्या खेळाडूला गळ्याला धरून पाडलं. पिवळं कार्ड — "दोन मिनिटं बाहेर." तो हूं की चूं न करता गेला, रेषेबाहेर खुर्चीत बसला, वेळ संपल्यावर परत आला. राग नाही, रुसवा नाही. आमच्या घरात असं कार्ड हवं होतं.

माझ्या शेजारी एक टोपीवाले आजोबा. त्यांचा रेफ्रीवर कायमचा राग. "पास पुढे गेला! झोपलीय का ही बाई?" खरं तर मलाही तसंच वाटलं. चेंडू हाताने पुढे द्यायचा नाही, एवढा नियम मला पाठ आहे. कानात ताई शांत — "हात मागे होते. खेळा."

मग डोक्यात प्रकाश पडला. देणारा स्वतः जोरात पुढे पळतोय. त्याने मागे फेकला तरी त्याचा वेग चेंडूला असतोच, म्हणून गवतावरच्या रेषांच्या हिशेबाने चेंडू पुढे सरकतो. ती चेंडू बघत नव्हती, हात बघत होती. हे गणित मी बाकावर बसून सोडवलं. ती ते पळता पळता सोडवते. आजोबांना समजावलं नाही. त्यांची मजा कशाला घालवा.

दुसऱ्या सामन्यात ती झटकन वळली. त्यानंतर तिचा डावा पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच उचलला जायला लागला. इतरांना दिसणार नाही. मी कृत्रिम पाय बनवते. दिवसभर माणसांची चालच बघत असते. गुडघा.

संध्याकाळी हॉटेलवर. ताई पलंगावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. "एवढं तर होतंच गं." तेवढ्यात फोन — अंतिम सामना तिला. तोंडावर उशी दाबून ती ओरडली. मी म्हटलं, "अभिनंदन." पुढचं वाक्य, गुडघ्याचं, तयार होतं. बोलले नाही. तिने विचारलं नव्हतं.

रविवार, १३ एप्रिल

सकाळचा उपांत्य सामनाही तिच्याकडे. शेवटचं मिनिट. मागे असलेल्या संघाचा एक पोरगा चेंडू घेऊन सुटला तो थेट या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की पाच गुण, म्हणजे सामना. ताई मागे पडली. माझी नजर तिच्या डाव्या पायावरच. पोरगा झेपावला, त्याच्यावर दोघे पडले, आणि ती पोहोचली तेव्हा नुसता ढिगारा होता.

सगळं मैदान ओरडत होतं. त्या पोराचा कर्णधार दोन्ही हात वर करून उभा. कानात फक्त तिचा श्वास. एक शिट्टी वाजवली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

"मी वेळेत पोहोचले नाही. मला दिसलं नाही."

एवढ्या लोकांच्या कानात. व्हिडिओ बघणाऱ्यांना विचारलं. त्यांनाही कुठल्या कॅमेऱ्यात चेंडू दिसेना. "मग गुण देता येणार नाहीत." कर्णधाराने हात खाली घेतले. सामना संपल्यावर सगळ्यात आधी तो तिच्याशी हात मिळवायला आला.

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हिला काय काय बोललो मी कालपासून."

"माझी बहीण आहे."

"अरे देवा. कालचं सगळं ऐकलंत?"

"सगळं."

दुपारी अंतिम सामन्याआधी ताई लंगडत येऊन माझ्या शेजारी बसली. आयोजकांना आपणहून जाऊन सांगून आली होती — "पळू शकेल असा रेफ्री घ्या." आजोबांनी तिला शेंगदाण्यांची पुडी दिली. मी रेडिओचा एका कानातला तुकडा तिला दिला. दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज. तिने सगळा सामना खेळाडूंचे हात बघत काढला. एकदाच बोलली, "बरोबर दिला." माझ्या ओळखीत एवढं ताठ बसणारं माणूस नाही.

सोमवार, १४ एप्रिल

ताईला दवाखान्यातल्या माझ्या खोलीत, पेशंटना चालवायच्या दांड्यांना धरून चालवलं. विचारलं तिने, "हे कधी झालं असेल?"

"शनिवारी. दुसऱ्या सामन्यात, वळताना."

"तुला काय माहीत?"

"मला दिसलं होतं."

"रात्री समोर बसून गप्प राहिलीस?"

"हो."

तिने टेबलावरचा पिवळा चिकटकागद उचलून हात उंच केला. "दोन मिनिटं बाहेर."

गेले. पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून उभी राहिले. रांगेतल्या एका पेशंटने विचारलं, "मॅडम, ही तुमचीच खोली ना?"

आतून शिट्टी वाजली.