रॉस्को टिलरीचे चार कोपरे

१२ जानेवारी २०१९, शनिवार
आईचं टोलेडोचं घर रिकामं करताना बाबांच्या तंबाखूच्या डब्यात रॉस्को टिलरी सापडला. १९५२चा. तेव्हा च्युइंगमच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची कार्डं यायची, त्यातलं एक. टिलरी दीड सीझन खेळून घरी बसला, पण त्याचं कार्ड शेवटच्या खेपेत, थंडी पडल्यावर दुकानात आलं. तोवर पोरं फुटबॉलकडे वळली होती. खोकीच्या खोकी कचऱ्यात गेली. म्हणजे दुर्मिळ.
संकल्प: कोणालाही सांगायचं नाही.
संध्याकाळपर्यंत बायकोला, पोस्टमनला आणि न्हाव्याला सांगितलं. न्हावी मोजत नाही. तो ऐकत नसतो.

१३ जानेवारी
भिंगातून पाहणी. कार्डं तपासणाऱ्या कंपन्या अवस्था बघून एक ते दहा गुण देतात. तीन गुणांच्या टिलरीला तीनशे डॉलर, आठ गुणांच्याला चौदा हजार. मधलं अंतर बहुतेक कोपऱ्यांचं. माझ्या मते आपला साडेसात. उजेड चांगला असेल तर आठ.
मार्लिस म्हणाली, कोपरे बिस्किटासारखे गोल झालेत. बायकोचा चष्मा बदलायला हवा.
खरा दोष एकच. मागे बाबांनी शाळकरी वयात पेन्सिलीने काहीतरी खरडलंय.

१९ जानेवारी
ऑगी पास्टरनाककडे गेलो. तीस वर्षं कार्डांचं दुकान चालवतोय. म्हणाला, "तीन. फार तर साडेतीन. आणि वेंडेल, आहे तसं राहू दे. हात लावू नकोस."
ओळखलं. स्वस्तात लाटायचा बेत.

२७ जानेवारी
नदीनचा फोन. थोरली बहीण, त्यामुळे फोन नसतो, हुकूम असतो. आईला वृद्धाश्रमात करमत नाही. बाबांचं कार्ड मागतेय. मैदानावर दोघांची पहिल्यांदा ओळख झाली, त्या दिवशी बाबांनी त्याच्यामागे लिहिलं होतं म्हणे. "उद्या नेऊन दे. तुझं उद्या नको, खरं उद्या."
म्हटलं, नेतो. नेणारच आहे. पण आधी विकलं तर आईला नदीकडची खोली घेता येईल. सगळं आईसाठीच चाललंय. नदीनला हे समजावणं कठीण, म्हणून सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी, सकाळी ९
खोडलं. खोडलं हा शब्द बरोबर नाही. स्वच्छ केलं. मऊ रबर, हलका हात. मजकूर गेला. तिथे कागदाची जरा लव उभी राहिलीय.
१० वाजता. लव बसावी म्हणून कार्ड पाण्यात ठेवलं. तंबाखूचा डागही निघेल.
सव्वाअकरा. कार्ड सुजलंय. शब्दकोशाखाली दाबलं. काळजीचं कारण नाही.

५ फेब्रुवारी
एक कड किंचित वेडीवाकडी. ब्लेडने केसभर कापली. ती इतकी सुरेख दिसायला लागली की उरलेल्या तिन्ही गबाळ्या वाटू लागल्या.
दुपार. चारही कोपरे टोकदार. आता आठ नक्की.
मार्लिसने विचारलं, कार्ड लहान झालंय का? म्हटलं, वाळलं की आकसतं. म्हणाली, "ते तुझ्या आईचं आहे ना?" आणि भांडी घासायला लागली. जरा आवाज करत.

६ फेब्रुवारी
गुण लावून घ्यायला पोस्टाने पाठवलं. चौदा हजारांचा विमा. नदीनला कळवलं, कार्ड तपासणीला गेलंय. सुरात असा गंभीरपणा आणला की तिने पुढे काही विचारलं नाही.

२२ मार्च, शुक्रवार
ईस्टरआधीचा मांस वर्ज्य शुक्रवार, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये तळलेला मासा आणि कोबी. नदीन समोर येऊन बसली. म्हणाली, आई रोज कार्डाचं विचारायची. या आठवड्यात विचारलं नाही.
मी म्हटलं, मग बरंच झालं, घाई नाही.
ती ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. मासा चांगला होता. अर्धा टाकला.

१६ एप्रिल
पाकीट आलं. गुण नाहीत. चिठ्ठी: कडा कापलेल्या, कागद धुतलेला, लिखाण खोडलेलं, सबब गुण देता येत नाहीत.
तपासणारा नवशिका असणार.
तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. "मी कार्डाला काहीही" इथपर्यंत आलो आणि चहा करायला उठलो.

१७ एप्रिल
ऑगीला दाखवलं. तो हसला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, "जगातला एक टिलरी कमी झाला. बाकीच्यांचे भाव चढतील. त्यांचे मालक तुझे उपकार विसरणार नाहीत."
परतताना वाटलं, हीही एक प्रकारची सेवाच. पुलापर्यंत तसं वाटत राहिलं. पुलानंतर नाही.

२१ एप्रिल, ईस्टर
नदीनला वृद्धाश्रमाच्या दारात, गाडीतच सांगितलं. कागद धुतल्यामुळे थोडं पुसट झालंय, अशी सुरुवात ठरवली होती. तोंडातून निघालं, "मी खोडलं. कापलंसुद्धा." तिने गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. मग म्हणाली, "चल आत. हॅम गार होईल."
आईने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. नदीननेच तिला सांगितलं. आई रागावली नाही. म्हणाली, असू दे, मला पाठ आहे. डोळे मिटून सुरू केलं, "आज टिलरीने दोन..." आणि अडली. नदीन म्हणाली, दोन नाही, तीन. आई म्हणाली, आकडा जाऊ दे, पुढे माझ्या टोपीबद्दल काहीतरी होतं. दोघी बराच वेळ शोधत राहिल्या. नदीनने ते शेवटचं पाहिलं तेव्हा ती दहा वर्षांची होती.
मग आई माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "वेंडेल, सगळ्यांत शेवटी ते तुझ्याच हातात होतं. पुढे काय होतं रे?"
मी सांगितलं, तीन ओळी होत्या. पेन्सिल फार दाबलेली नव्हती.
आई मान हलवून वाट पाहत राहिली.
मी वाचलं नव्हतं.