वीतभर जागा

शुक्रवार, २१ नोव्हेंबर १९९७, बेंगळूर

डोकं नुसतं तापलंय. अण्णानं मला न विचारता जुना कॉम्प्युटर दुकानात देऊन टाकला आणि एक छोटी पेटी आणली. आत फक्त मदरबोर्ड, बाकीचं आपल्याला हवं ते बसवायचं. कल्पना वाईट नाही, मान्य. आवाज कमी, शिवाय टेबलावर वीतभर जागा वाचते. हे वीतभर तो दहादा ऐकवतोय.

पण जुन्यातून काढून ठेवलेलं माझं मराठी अक्षरांचं कार्डही वीतभर लांब आहे, आणि ते या पेटीत मावतच नाही! त्या कार्डाशिवाय पडद्यावर मराठीचा 'अ'सुद्धा उमटत नाही. थोरला भाऊ झाला म्हणून काहीही करायचं का?

बरं, अडलंय काय? त्याच्याच लग्नाची पत्रिका! दुकानदार फोनवर म्हणाला, जुना कॉम्प्युटर विकलासुद्धा. आणि अण्णा हसून म्हणतो, "इंग्लिशमध्ये कर की. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!" म्हणजे कानडीत, थोडं जुळवून घ्या! आई ऐकेल इंग्लिश पत्रिका?

त्या वाचलेल्या वीतभर जागेत मी आत्ताच कोरे कागद आणि पेन ठेवून आले. दोनशे पत्रिका, मराठीतून, त्यानं स्वतःच्या हातानं लिहायच्या. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अण्णा.