सुनिवाचे कान

दादा,

सुनिवाला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साचलंय. बहुतेक वेळा ते आपोआप ओसरतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासतील.

हाक मारली तरी येत नाही, म्हणून तू तीन आठवडे तिचा शनिवारचा खाऊ बंद केलास. तिला हाक ऐकूच येत नव्हती. "बहिरी आहेस का गं?" असं मीही म्हणाले होते.

डॉक्टरांना ती म्हणाली, "बाबा बोलतच नाही, नुसता ओरडतो." तिला तेवढंच ऐकू यायचं, दादा.

ती शेजारी बेरितकडे खेळतेय. आज बुधवार असला तरी तिला खाऊ दे. आणि माफी मागशील ती समोर बसून, तुझे ओठ तिला दिसतील अशी माग.

मी प्रयोगशाळेतून सातला येते.

राग्नहिल्ड