जाळी शाबूत आहे

अल मनखूल, दुबई
४ फेब्रुवारी २०२५

चि. वैभवीस आजीचे अ. उ. आ.

फोनवर तुझा बाप गुणवंता स्पीकर लावून शेजारी बसतो, म्हणून पुण्याला निघालेल्या सुहासिनीच्या हाती हे पत्र. मेंदूखालची ती वाटाण्याएवढी ग्रंथी माझी सुजली आहे. दोन्ही कडांचं दिसत नाही. परवा दाराच्या चौकटीला धडकले. नाकातून तुकडा काढून तपासला. वीस तारखेला सगळी गाठच काढू म्हणतात, डोळे वाचले तर इन्शाल्ला. गुणवंता बाथरूममध्ये नळ सोडून रडतो. पाणी फुकट.

रिपोर्ट जोडलाय. त्यात जाळी शाबूत असं काही आहे म्हणे. चार वर्षं प्रयोगशाळेत उंदरांच्या ह्याच ग्रंथीत डोकं घालून बसलीस, तर मला समजेल असं लिही. कापायचं की नाही?

लोभ आहे तेवढा पुरे, उत्तराचं बघ.
मनोरमा आजी

पुणे
८ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न.

रिपोर्ट दोनदा वाचला, मग हसले. आजी, त्या ग्रंथीतल्या पेशी घोळक्याने राहतात. प्रत्येक घोळक्याला प्रोटीनचं पातळ अस्तर आणि धाग्यांची जाळी असते. रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या काही पेशी ते विणतात; कोणत्या, हेच माझं काम. ट्यूमर असला की जाळी तुटते. तुझी नुसती ताणलीय. थायरॉईड कमी पडलं तरी ग्रंथी अशी सुजते. पण तू तर रोज गोळी घेतेस ना? खरं सांग. ऑपरेशनआधी थायरॉईडची टेस्ट करून घ्या, असं बाबांना फोनवर सांगितलंय.

रागावलीस तरी माझीच राहा.
वैभवी

अल मनखूल
१९ मे

चि. वैभवीस आशीर्वाद.

ऑपरेशन रद्द. ग्रंथीची सूज ओसरली. कडांचंही दिसतं, काल शेजारच्या बानूने माझ्या चहाला मुरडलेलं नाक बरोबर दिसलं.

हो, गोळ्या. दिवाळीत तुझी सुजाता आत्या पुण्याहून आणणार होती, तिचं येणं लांबलं. इमारतीखालीच फार्मसी आहे, पण मला पुण्याचीच गोळी लागू पडते असं धरून बसले. उरलेल्या पुरवायच्या म्हणून आठवड्याला एक घेतली आणि डॉक्टरला रोज म्हणून सांगितलं. टेस्टने पितळ उघडं पाडायच्या आधी मीच गुणवंताला सांगितलं. दोन दिवस पुन्हा नळ सोडून बसला. तिसऱ्या सकाळी खालच्या फार्मसीतली गोळी आणि पाणी घेऊन उभा. गीळ म्हणाला. गिळली. आता तोंड उघडून दाखव म्हणाला.

दुसऱ्या कोणी तोंड उघडायला सांगितलं असतं तर ऐकून घेतलं नसतं. त्याच्यापुढे रोज उघडते.

उत्तर नको, सुट्टीत ये.
मनोरमा आजी