चोरखिशातला कागद

वसई,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय ज्युली,

प्रभू तुला, हरेश्वररावांना आणि लेकीला सुखात ठेवो. आज ख्रिस्तराजाचा सण. चर्चमध्ये मिस्सा ऐकून आले, चहा ठेवला आणि लिहायला बसले. माझी तब्येत बरी आहे. बहात्तरावं लागलं, गुडघे कुरकुरतात, पण पायाचं शिलाई मशीन अजून चालतं. भाचे म्हणतात मोटर लाव. मी म्हणते, मोटर लावली की पाय विसरतील, मग चर्चपर्यंत मला कोण नेणार?

तुझं पाकीट मंगळवारी पोचलं. आत पत्र नव्हतं. चौकोनी वहीचा एक कागद, त्यावर खांदा, छाती, कंबर, बाही, उंची, आणि खाली "आर्या, इयत्ता नववी. नाताळसाठी." बावीस वर्षांत तुझ्याकडून आलेला पहिला कागद आणि त्यावर साधा नमस्कारही नाही, असं कोणी म्हणेल. मी म्हणत नाही. मला माप वाचता येतं. पोरगी तुझ्यासारखी उंच आहे, अंगाने काटकुळी. डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली, तेही तू लिहिलंस. तुझाही होता. एवढं बारीक लिहिणारी बाई रागात लिहीत नाही, असं मी माझ्यापुरतं धरून चालले आहे.

कापड आणलंय. फिकट निळं, धुतलं तरी रंग न सोडणारं. दुकानदाराने विचारलं कोणासाठी, मी म्हटलं माझ्या भावजयीच्या लेकीसाठी. फेबियनला जाऊन बावीस वर्षं झाली, तू दुसरा संसार मांडलास, नाशकात रुजलीस, तरी माझ्या तोंडात तू भावजयच आहेस. त्याला इलाज नाही.

कागदावरच्या मापावर फ्रॉक शिवता येतो, पण अंगावर घालून बघितल्याशिवाय तो बसत नाही. तेव्हा मला एक मागणं मागायचं आहे. ते शेवटी मागेन. आधी सगळं वाच, मग ठरव.

जुलैतली शाळेची सभा तुझ्या कानावर आली असणार, म्हणूनच हे माप आलं. पण ऐकीव गोष्टीला दहा तोंडं फुटतात. खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक.

आमच्या शाळेचे गणवेश मी शिवते, त्यामुळे तिथे माझं जाणं-येणं. मुख्याध्यापिका क्रिस्टीनाबाई भल्या आहेत. त्यांना मी दोन वर्षं सांगत होते, दहावीच्या मुलांना शरीराचं, संबंधांचं, एचआयव्हीचं नीट शिकवा, सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाई फुकट यायला तयार आहेत. त्या बाईंना मी चांगली ओळखते. त्यांच्याकडच्या सगळ्या पुस्तिका मी शब्दकोश घेऊन वाचल्यात. चौथी शिकलेली मी, पण इंग्रजी फॅशनच्या पुस्तकांवरून कॉलर शिकले, तर हेही शिकले. क्रिस्टीनाबाई म्हणाल्या, "माझी हरकत नाही हो व्हेरोनिकाबाई, पण पालकांनी हात वर केले तरच वर्ग. नाहीतर उद्या माझी खुर्ची जाईल."

तुला माहीत नसेल, माझ्याकडे गेली वीस-बावीस वर्षं एक नियम आहे. लग्नाच्या झग्याच्या शेवटच्या मापाला नवरी एकटीच आत येते. आई, मावशी, करवली, सगळ्या पडवीत. मी दार लावते, झग्याला सगळीकडून टाचण्या लावते, आणि मग तोंडातल्या टाचण्या काढून ठेवून बोलायला लागते. टाचण्या लागलेली नवरी पळून जाऊ शकत नाही, हा त्यातला फायदा. रक्त तपासलंस का, त्याने तपासलं का, निरोध म्हणजे काय, नको वाटलं तर नको कसं म्हणायचं. कोणी लाजतात, कोणी रडतात. एकजण म्हणाली, "आंटी, हे सगळं मला मोबाइलवर कळलंय." मी म्हटलं, "मोबाइलने तुझी कमर मोजली का? नाही ना? मग ऐक." दोघींनी तपासणी करून घेतल्यावर लग्नं पुढे ढकलली, आणि नंतर दोन्ही सुखात झाली, सगळं माहीत असताना, औषध सुरू करून. ते मी माझं मोठं काम समजते. पण नवरीच्या वयाला सांगणं म्हणजे पुष्कळदा बैल गेला नि झोपा केला. म्हणून शाळेचा हट्ट.

सभेत डेरिक उभा राहिला. पालक समितीचा तोच पुढारी. केळीची वाडी आहे, बोलायला गोड आहे. म्हणाला, "व्हेरोनिका आंटी, तो काळ गेला आता. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. रोज एक गोळी घेऊन माणसं म्हातारी होतात. बिघडलंच कोणाचं काही, तर औषध आहे ना. कोवळ्या पोरांच्या डोक्यात ही घाण आतापासून कशाला?"

लोकांनी माना डोलावल्या. चांगली माणसं सगळी. मला ओळखून असलेली.

मी म्हटलं, "डेरिक, तुझ्या बाप्तिस्म्याचं झबलं मी शिवलंय. तुला मी उघडा बघितलाय. शरीराचं नाव काढलं म्हणून माझ्यापुढे लाजू नको." सगळे हसले, तोही हसला. मला वाटलं होतं, त्या हसण्यावर निभावून नेईन, आणखी दोन गमती सांगेन, हात वर करून घेईन. गोळ्यांबद्दल बोलताना रफूचं उदाहरण देणार होते, ठरवून गेले होते. पण तोंडापर्यंत आलं आणि तू आठवलीस. तू काही फाटलेलं कापड नाहीस. गिळलं ते वाक्य.

मग दुसरं काही उरलंच नाही बोलायला. खरं तेवढं उरलं.

ज्युली, चहा थंड झाला. आता लिहिते.

फेबियन विसाव्या वर्षी बोटीवर नोकरीला निघाला तेव्हा आम्ही त्याला काय काय दिलं होतं. आईने रोझरी दिली, वाळवलेल्या केळ्यांची, सुकेळ्यांची पुडकी दिली, आंब्याचं लोणचं दिलं. मी त्याच्या कोटाला आतून चोरखिसा शिवला, पासपोर्टसाठी, बंदरात कोणी मारू नये म्हणून. बंदरात आणखी काय काय असतं, त्याबद्दल एक शब्द कोणी दिला नाही. आईला तर ते शब्दच माहीत नव्हते. मला थोडे माहीत होते, पण मोठ्या बहिणीने धाकट्या भावाशी असलं बोलायचं नसतं, हे त्याहून पक्कं माहीत होतं.

तुमचं लग्न ठरलं त्या पावसाळ्यानंतर तो रजेवर आला. लग्नासाठी तोच कोट हवा म्हणाला, लकी आहे म्हणून. थोडा सैल करायला मी उसवायला घेतला. चोरखिशात काही कुरकुरलं. खिसा मीच शिवलेला, म्हणून हात तिथे गेला. दुसरा कुठला शिंपी असता तर त्याला सापडलंही नसतं. तपासणीचा कागद होता. इंग्रजी मला तेव्हाही अडखळत का होईना वाचता येत होतं. एक शब्द पुरेसा होता.

त्याला विचारलं. तो या मशीनपाशी जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. म्हणाला, "बाय, बोटीवरचा डॉक्टर म्हणाला, औषध येतंय. अमेरिकेत आलंयसुद्धा. दोन-चार वर्षांत इथे मिळेल. मग काही फरक पडत नाही. तू फक्त गप्प राहा."

औषध येतंय. मी ते धरून बसले. पंधरा वर्षांनी लहान भाऊ, कडेवर खेळवलेला. ठरलेलं लग्न, छापलेल्या पत्रिका, हॉल, मंडप. आणि औषध येतंय.

पुढच्या आठवड्यात तू शेवटच्या मापाला आलीस. ह्याच खोलीत, ह्याच आरशासमोर. बाहेर तुझी आई बसली होती. तुझ्या डाव्या खांद्याला मी पाव इंच जास्त कापड दिलं. तू आरशात बघून म्हणालीस, "तुमच्या हाताने मी सुंदर दिसते." माझ्या तोंडात टाचण्या होत्या, ज्युली. मी त्या काढल्या नाहीत.

२००३ मध्ये फेबियन गेला. सगळ्यांना टीबी सांगितलं. तुझी तपासणी झाली, आणि घरातल्यांनी उलट तुझ्यावरच बोट ठेवलं. बॅग घेऊन निघताना तू मला एकटीला विचारलंस, "तुम्हाला माहीत होतं का?" मी म्हटलं, "नाही."

ते खोटं होतं. मला चार वर्षं माहीत होतं.

हे मी सभेत सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. "एका मुलीचं माप घेतलं आणि गप्प राहिले" एवढंच म्हटलं. पण गाव लहान आहे, लोक आकडेमोड करतात. तुला न विचारता तुझी गोष्ट मी उघड केली, याची वेगळी माफी मागते. पहिल्या पापाच्या माफीत ती बसवत नाही.

मी डेरिकला म्हटलं, "औषध खरंच आलं रे. फेबियन गेल्यावर पुढच्या वर्षी फुकट गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांना मी हात जोडते. त्यांनी ती मुलगी जगवली. तिचा दुसरा नवरा आजही निरोगी आहे, लेक निरोगी आहे. गोळ्यांविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही. पण ती मुलगी वीस वर्षं रोज सकाळी उठून ती गोळी घेते. का घेते? कारण माझ्या भावाला कोणी वेळेवर शिकवलं नाही, आणि मला बोलायला कोणी शिकवलं नाही. त्या दोन गोष्टींना तर गोळी लागणार नव्हती. फक्त तोंड उघडायचं होतं."

तुझ्या लेकीचं मला कसं कळलं म्हणशील. तुझ्या आईने, देव तिला शांती देवो, वसईच्या बाजारात माझा हात धरून सांगितलं होतं, "दीड वर्षाची तपासणी स्वच्छ आली." आम्ही दोघी तिथेच, माशांच्या टोपल्यांमध्ये, रडलो. पाचूबंदरची कोळीण म्हणाली, "बायांनो, रडा, पन माझी पापलेटं तुडवू नका."

सभेत मी एवढं बोलून खाली बसले. मग मागून एका बापाने हात वर केला. गणवेशाच्या मापाला मुलगा पाठवतो, स्वतः कधी येत नाही, असा माणूस. मग त्याच्या बायकोने. मग रांगच्या रांग. क्रिस्टीनाबाई मोजायला लागल्या आणि मोजायचं सोडून दिलं. शेवटी खाली राहिलेले हात मोजले. सहा. त्यांत डेरिक नव्हता. त्याने हात वर केला होता, अर्धाच, कोपरातून, पण केला होता.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाला, दर शनिवारी एक तास. समुपदेशक बाई शिकवतात, मी कोपऱ्यात बसते. माझं काम डब्याचं. बटणांचा मोठा डबा रिकामा करून नेला, झाकणाला फट पाडली. मुलं न विचारता येणारे प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकतात, नाव नाही. पहिल्या शनिवारी चार चिठ्ठ्या, त्यांतली एक "आज सुट्टी आहे का?" तिसऱ्या शनिवारी डबा इतका भरला की झाकण उचकटावं लागलं.

एक चिठ्ठी तुला सांगतेच. "आमच्या घरी एकजण ह्या गोळ्या घेतात. त्यांच्या ताटातलं खाल्लं तर चालेल का? मला त्यांच्याबरोबर जेवायला आवडायचं." बाईंनी वर्गाला सांगितलं, चालेल, खुशाल जेवा. एका ताटात जेवून, मिठी मारून हे लागत नाही. कोण होतं ते मला माहीत नाही, मी शोधलंही नाही. पण त्या रात्री वसईतल्या कुठल्यातरी घरात दोघं एका ताटात जेवले असतील. ज्युली, मी आयुष्यात शेकडो झगे शिवले. त्या ताटाएवढं काही सुंदर माझ्या हातून झालेलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात डेरिक दारात आला, हातात सुकेळी. "आंटी, पुढच्या वर्षी नववीलाही घ्या. माझी मुलगी नववीत जाते." मी म्हटलं, "घाण शिकवतो रे आम्ही." म्हणाला, "शिकवा." आत येऊन दोन कप चहा प्यायला. जिंकल्यावर टोमणा मारू नये म्हणतात, पण मी एक मारला. म्हातारीला तेवढं माफ.

आता मागणं.

आर्याला घेऊन ये. फ्रॉक कच्चा शिवून ठेवला आहे, बाह्या नुसत्या टाचल्यात. नाताळच्या आधीचा कुठलाही दिवस सांग. मी खोलीत दोन खुर्च्या मांडते, पडवीत नाही. ह्या वेळी आई आत थांबेल. तुझ्यासमोर मी तिचं माप घेईन, आणि ती जे विचारेल त्याचं उत्तर देईन, फेबियनचंसुद्धा, तू हो म्हणशील तर. आणि २००३ मध्ये तू मला जे विचारलं होतंस ते पुन्हा विचार. ह्या पत्रात उत्तर आहेच, पण ते तुझ्या तोंडावर द्यायचं राहिलंय.

नाही आलीस तरी फ्रॉक पोचेल. डाव्या खांद्याला पाव इंच जास्त देऊन. त्यासाठी माफीची अट नाही.

तोंडात एकही टाचणी न ठेवता वाट पाहणारी,

तुझी नणंद
व्हेरोनिका