गाडी लागते का?

रविवार, १४ सप्टेंबर, दुपारचे तीन

ती. मामा,

आधी वाकून नमस्कार, आणि वाकलोच आहे तर त्याच अवस्थेत इतके दिवस पत्र न लिहिल्याबद्दल माफीही मागून घेतो. (इतके दिवस म्हणजे सहा महिने एकोणतीस दिवस. आधी ‘सात महिने’ लिहिलं होतं, पण रोजनिशी काढून पाहिली तर एक दिवस जास्त धरला जात होता, आणि माफी मागताना हिशेब फुगवणं मला बरं वाटेना.) तुमचे डोळे कसे आहेत? ताई सांगते की ऑपरेशननंतर तुम्हाला समोरच्या गच्चीवरच्या दोरीचे चिमटेसुद्धा मोजता येतात आणि तुम्ही ते मोजता. फार आनंद झाला. गुडघे? झोप? ताईच्या हातचा चहा अजून पातळच लागतो का? तुम्हाला वाटेल, याला एवढी काळजी होती तर हा फोनवर का बोलला नाही. खरं सांगायचं तर मी दर आठवड्याला फोन करत होतो, पण दुपारी, तुम्ही आडवे झाल्यावर. ताईला आधी विचारायचो, ‘मामा झोपले का?’ आणि ती ‘झोपले’ म्हणाली की मग तुमची चौकशी करायचो.

कारण तुमचं ते कार्ड. मार्चमध्ये आलेलं. त्यात ना आशीर्वाद, ना तब्येत, ना सही. चारच शब्द होते : ‘गाडी सुरू होते का?’ मामा, मी बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतो. लोकांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने खोटं लिहिता येत नाही. म्हणून ठरवलं की उत्तर लिहायचं ते खरं लिहायचं, आणि खरं उत्तर चांगलं झाल्यावर लिहायचं. त्या प्रश्नाकडे मी येतोच. आधी बाकीचं सांगतो, म्हणजे सगळं नीट क्रमाने कळेल.

गाडी उत्तम आहे. सोळा फेब्रुवारीला तुम्ही स्वतः चालवत आणून ती आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावलीत, चावी माझ्या हातात ठेवलीत आणि ‘बघू’ एवढंच म्हणून बसने परत गेलात. तेव्हापासून तिच्यावर धुळीचा कण बसू दिलेला नाही. दर रविवारी धुतो. काचा जुन्या वर्तमानपत्राने पुसतो (आमच्याच छापखान्यातलं, पुसता पुसता दोन चुका सापडल्या). चाकांत हवा आहे, पेट्रोल ताजं आहे, बॅटरी जुलैमध्ये नवी घातली. तुमची उशी ड्रायव्हरच्या सीटवर जशीच्या तशी आहे. मी रविवारी सकाळी तिच्यावर बसून रोजनिशी लिहितो. डोकं छताला लागतं, पण घरात इतकी शांत जागा दुसरी नाही. ही म्हणते, ‘मामांनी गाडी दिली आणि तुम्ही तिची खोली केलीत.’ मी ते विधान तपासून पाहिलं, बरोबर आहे.

आता मुख्य प्रकरण. जूनमध्ये आमच्या छापखान्यात शोरूमवाले आले. म्हणजे तुमच्या गाडीच्या त्या जपानी कंपनीचं शहरात जे शोरूम आहे, त्याचे मालक. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते स्टिअरिंगच्या मधोमध आहे आणि तुम्हाला पाठ आहे.) शोरूमला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांना एक पुस्तिका काढायची होती : अर्ध्या भागात कंपनीचा इतिहास, अर्ध्या भागात शहरातल्या गाडीमालकांची मतं. लिहिणार कोण, यावर आमच्या मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी लगेच हो म्हटलं. हेतू शुद्ध होता असं मात्र म्हणवत नाही. शोरूममध्ये एक जुने मेस्त्री आहेत, एका कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाने इंजिनाचं मन ओळखतात, असं ऐकून होतो. ओळख झाली तर त्यांना हळूच शेडमध्ये आणता येईल, असा माझा डाव होता.

इतिहास मी जीव ओतून लिहिला. मामा, तुमच्या कंपनीने सुरुवातीला गाड्या बनवल्याच नव्हत्या हे तुम्हाला माहीत होतं? ती दारांच्या बिजागऱ्या आणि कड्या बनवायची. मूळ मालकाचं म्हणणं असं की घरात सगळ्यात जास्त राबतं ते दार, आणि त्याच्याकडे लक्ष जातं फक्त ते करकरल्यावर. (म्हणूनच तुमच्या गाडीचं दार लागताना तो ‘खट्’ असा समाधानी आवाज येतो. हे अनुमान माझं आहे. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलं आहे.) पुढे तीनचाकी मालगाडी आली, मग चारचाकी, इतकी लहान की पहिल्या जाहिरातीत तिघं जण दाखवले होते, दोघं आत आणि तिसरा बाहेर हसत उभा. परदेशात पाठवलेल्या पहिल्या गाड्या चढावर दम टाकायच्या. लोकांनी रागावून पत्रं लिहिली. तेव्हा कंपनीने काय केलं? ती पत्रं फ्रेम करून कारखान्याच्या जेवणघरात टांगली. कामगार घास घेता घेता वाचायचे. तीन वर्षांनी त्याच चढावर त्याच कंपनीची गाडी दुसऱ्यांच्या गाड्यांना मागे टाकून गेली. हे लिहिताना मला भरून आलं. (ही सगळी माहिती शोरूमच्या पत्रकातली. मी दुसरा आधार मागितला तेव्हा शोरूमवाल्यांनी तेच पत्रक दुसऱ्यांदा दिलं.)

मग मतं. मी प्रश्नावली तयार केली, एकच पान, पाच प्रश्न. चौथा प्रश्न असा होता : ‘आपल्याला गाडी लागते का? लागत असल्यास केव्हा?’ मला अर्थातच विचारायचं होतं की रोजच्या आयुष्यात गाडीची गरज पडते का. मी तो प्रश्न सहा वेळा तपासला. स्वल्पविराम, ऱ्हस्वदीर्घ, सगळं चोख. बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावून मी त्यातली प्रत्येक वेलांटी पाहिली आणि वाक्य तेवढं पाहिलं नाही.

चौसष्ट कागद भरून आले. एका दंतवैद्यबाईंनी लिहिलं होतं : ‘मला नाही, कुत्र्याला लागते. वळणावर.’ आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या शिंप्याने लिहिलं : ‘लागते. डाव्या बाजूने. भिंतीला.’ कुणी लिहिलं, पुढे बसलं तर लागत नाही. कुणी लिहिलं, नवरा चालवत असेल तरच लागते. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने उत्तर न देता लाल शाईत शेरा मारला : ‘प्रश्न संदिग्ध. पुन्हा लिहा. दहापैकी चार.’ आणि एका आजींनी, ज्यांचे यजमान गाडी मागे ठेवून गेले, त्यांनी सविस्तर लिहिलं होतं की ती माझी कोण लागते असं विचारत असाल तर नणंद लागते; त्यांचा सगळा जीव तिच्यात होता, मला ती कधी आवडली नाही, आणि आता मीच तिला पुसते.

मामा, एवढं सगळं समोर असताना मला कळायला हवं होतं. पण मोजणी करायला बसलो तेव्हा मी फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ मोजले, कारण शेऱ्यांनी आकडेवारीवर परिणाम होऊ नये, असं कॉलेजात शिकवलं होतं. चौसष्टपैकी एकोणचाळीस हो. शेरे वेगळे टाचून ठेवले, सावकाश वाचू म्हणून. शोरूमवाले आकडा ऐकून इतके खूश झाले की पुस्तिकेची वाट न पाहता त्यांनी शोरूमच्या दर्शनी भागावर दहा फुटी कापडी फलक लावला : ‘शहरातल्या ६१ टक्के मालकांना आमची गाडी लागते!’

फलक चार दिवस होता. पहिल्या दिवशी लोक थांबून हसत होते. शोरूमवाल्यांना वाटलं, काय प्रतिसाद आहे! दुसऱ्या दिवशी समोरच्या औषधवाल्याने उलटीच्या गोळ्यांची बरणी आतल्या फळीवरून काढून काउंटरवर आणली. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आत येऊन गंभीरपणे म्हणाले, ‘ती उरलेल्या एकोणचाळीस टक्क्यांतली गाडी दाखवा.’ चौथ्या दिवशी मुख्याध्यापिका शोरूमच्या दारात उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘पुन्हा लिहा म्हटलं होतं ना?’ तेव्हा कुठे उजेड पडला.

शोरूमवाल्यांनी मला बोलावलं. मी चूक कबूल केली, राजीनामा द्यायला निघालो. पण मी तिथे नोकरीलाच नाही हे त्यांनी लक्षात आणून दिलं. ते गप्प बसून राहिले, आणि माणूस गप्प बसला की मी काहीही बोलून जातो. म्हणालो, ‘माझ्या मामांची गाडी तुमच्या कंपनीची या शहरातली सगळ्यात जुनी आहे. एकवीस तारखेच्या समारंभाला ती मी स्वतः चालवत आणतो. ओढून नव्हे, चालवत. लोक हा फलक विसरतील.’ त्यांचा चेहरा उजळला. निमंत्रणपत्रिकेत त्यांनी ते छापलंसुद्धा. (मुद्रित मीच तपासलं. एकही चूक नाही, गाडीबद्दलची ती एक ओळ सोडून.)

मेस्त्री परवा शेडमध्ये येऊन गेले. पाऊण तास त्यांनी गाडीच्या टपावर कान टेकवला, बॉनेट उघडलं, खाली वाकले, उठले आणि हात पुसत म्हणाले, ‘गाडीत काडीचा दोष नाही. असली निगा मी पाहिली नाही.’ हे त्यांचे शब्द जसेच्या तसे आहेत, आणि मला वाटतं तुमच्या कार्डावरच्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मिळू शकत नाही. गाडी ठणठणीत आहे, भाचा ठणठणीत आहे, रविवारच्या समारंभाची तयारी जोरात आहे. काळजी नसावी. ताईला आणि तुमच्या नव्या डोळ्यांना आमचा नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. वरचं पत्र पुन्हा वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं नाही, आणि तरीही सगळं पत्र खोटं आहे. असलं पत्र जेवणघरात टांगायच्या लायकीचं. तेव्हा ऐका : गाडी सुरू होत नाही. तुम्ही लावून गेलात त्या दिवसानंतर ती एकदाही सुरू झालेली नाही. मेस्त्रींचं वाक्य मी मध्येच तोडलं होतं. ते पुढे म्हणाले, ‘ठिणगी कुणीतरी मुद्दाम अडवून ठेवलीय. कुठेतरी चोरबटण आहे. वायर तोडून थेट जोडता येईल, पण ज्याने हे काम केलंय त्याचा हात फार सुबक आहे. त्याला विचारल्याशिवाय मी पक्कड लावणार नाही. कोण होता तो?’ मी म्हटलं, मामा. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं वायरी जोडल्या त्यांनी. ते म्हणाले, ‘मग विचार की.’ मामा, रविवार सात दिवसांवर आला आहे आणि पत्रिका वाटून झाल्या आहेत. ते बटण कुठे आहे?

ता. क. २. हिला हे पत्र वाचून दाखवलं. ती हसायचीच थांबेना. म्हणाली, ‘अहो, ‘गाडी कशी आहे’ असं नाही विचारलं त्यांनी. ‘सुरू होते का’ विचारलं. ज्याला उत्तर माहीत आहे तोच असं विचारतो. सात महिने ते तुमच्या फोनची वाट बघत बसलेत, आणि तुम्ही ते झोपल्यावर फोन करताय.’ मी तुमचं कार्ड काढून पुन्हा पाहिलं. चारच शब्द, आणि सहा महिने मी त्यांतली प्रत्येक वेलांटी पाहत होतो.

ता. क. ३. बटण कुठे आहे ते लिहून पाठवू नका. मघाशी ताईला फोन केला (हो, तुम्ही आडवे झाला होतात, शेवटचंच). शुक्रवारच्या बसचं तिकीट ती काढते आहे. रविवारी शोरूमपर्यंत गाडी तुम्ही चालवायची, मी शेजारी बसेन. डॉक्टरांनी दिवसा चालवायची परवानगी दिली आहे, हेही ताईनेच सांगितलं. गाडीला तुम्ही लागता. मलाही तुम्ही लागता. (ही दोन वाक्यं सहा वेळा तपासली. या खेपेला त्यांतून जितके अर्थ निघतील तितके सगळे मला मान्य आहेत.)

(रोजनिशीतली आजची नोंद) उद्या : मामांची उशी उन्हात टाकणे.